पाहुणा आलाय, हात हळू

नाशिकला सातपूरकडच्या लग्नात एखादी बाई भराभरा जिलबी वाढायला लागली की पंगतीतून कोणीतरी हमखास म्हणतं, "पाहुणा आलाय, हात हळू." मग आमच्या जुन्या कारखान्यातली माणसं खो खो हसतात. ज्यांना त्यातलं काही माहीत नसतं तेही हसतात, कारण लग्नात हसायला फारसं कारण लागत नाही. मीही पुष्कळ वर्षं हसलो. इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच हसलो.

ज्या बाईवरून हे बोलणं निघालं ती आमच्या लाइनवरची सर्वांत जुनी बाई. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. तिच्या हातांच्या वेगामुळे कारखाना बुडाला, असं त्या थट्टेचं म्हणणं. ते खोटं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आम्ही दारावरच्या बेल बनवत होतो. बटण दाबलं की टिंग, सोडलं की टाँग. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, गुंडाळीत एक लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि वरून प्लॅस्टिकचं झाकण. चाळीसेक बायका एका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून हे जोडायच्या. शेवटी टेस्टिंगवाली बाई प्रत्येक बेल वाजवून बघायची. तिच्या घरी कोणी बेल वाजवली तर ती जागची हलत नसे. नवरा दार उघड म्हणाला की ही म्हणायची, "पास आहे, पुढची द्या."

आमच्या लाइनवर एक रीत होती. अधूनमधून मुंबईहून एक घड्याळवाला साहेब यायचा. तो हातात स्टॉपवॉच घेऊन एकेका बाईमागे उभा राहायचा आणि एका बेलला किती वेळ लागतो ते टिपायचा. त्यावरून पुढच्या वर्षीचं रोजचं काम ठरायचं. म्हणून तो आला की "पाहुणा आलाय, हात हळू" अशी कुजबुज टेबलभर फिरायची आणि सगळ्यांचे हात जड व्हायचे. एकीचा स्क्रू खाली पडायचा आणि तो सापडता सापडत नसे. दुसरीला पदर नीट करावा लागे. तिसरीचा चष्मा पुसून होत नसे. नव्या मुलीला स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा ते दुसऱ्या दिवशी शिकवत. पहिल्या दिवशी शिकवत ते हे. मी स्वतः आयटीआय करून त्याच टेबलावर लागलो होतो. सुपरवायझर झालो तरी ही विद्या विसरलो नव्हतो. घड्याळवाला आला की मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहत असे.

नव्वद साल उलटल्यावर पेपरात खुल्या बाजाराबद्दल बरंच छापून येऊ लागलं. कॅन्टीनमध्ये त्यावर चर्चा व्हायची. आमचं एकमताने असं ठरलं की खुला बाजार आपल्या फायद्याचा, कारण जगात दारं पुष्कळ आहेत आणि दार म्हटलं की बेल आली. माल उलटीकडूनही येऊ शकतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडतं, हे निदान आम्हा बेलवाल्यांना तरी सुचायला हवं होतं.

काही वर्षं बरी गेली. मग मेन रोडच्या दुकानांत नव्या बेल दिसायला लागल्या. बटण दाबलं की त्यातून चिमणी बोलायची. आम्ही नुसत्या तांब्याच्या तारेला जेवढे पैसे मोजत होतो तेवढ्यात ती अख्खी बेल, वर चिमणी फुकट. आमच्या कॅन्टीनने तिला नावं ठेवली. दारात चिमणी ओरडली तर पाहुणा आलाय की चिमणी आलीय हे माणसाला कळणार कसं, असा आमचा मुद्दा होता. गिऱ्हाईकाला तो पटला नाही.

अशात एक दिवस शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या दुपारी नाशिकरोड स्टेशनवर जा. एक पाहुणा येतोय, त्याला हॉटेलात सोडा. परवा सकाळी आपली लाइन दाखवायची."

"एक्स्पोर्टची पार्टी का, शेठ?"

"त्याचा त्या चिमण्यांचा कारखाना आहे. आपण त्याचा तयार माल आणून विकायचा की काय, ते बघतोय. लाइनवर कोणाला बोलू नका." मग ते म्हणाले, "तुमचं मी बघतो."

तुमचं मी बघतो. हे शब्द मी पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितले नाहीत, बायकोलाही नाही.

पाहुणा तैवानचा होता की हाँगकाँगचा, ते शेवटपर्यंत आमच्या लक्षात राहिलं नाही. सगळे त्याला चिनीच म्हणायचे. माणूस हसतमुख. गाडीत त्याने बॅगेतून एक पांढरी डबी काढली आणि बटण दाबलं. चिमणी इतकी खरी बोलली की ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि काच खाली करून बाहेर बघितलं. पाहुणा पोट धरून हसला आणि ती बेल त्याने मला भेट दिली. मी घरी नेली. बायकोने संध्याकाळच्या आत इलेक्ट्रिशियन बोलावून आमची जुनी टिंगटाँग काढायला लावली. मी स्वतःच्या हाताने बनवलेली होती ती.

दुसऱ्या दिवशी पाहुणा येण्याआधी मी लाइनवर सगळ्यांना गोळा केलं.

"आज बाहेरच्या देशाचा पाहुणा येतोय. मोठी ऑर्डर देणार आहे. आज हात सोडून काम करा."

सगळ्या मोठ्या बाईंकडे बघायला लागल्या. त्या इगतपुरीकडच्या. बोलणं ठसक्याचं.

"साहेब, पाहुणा आला का हात हळू, हे तुमच्याच टेबलावर शिकलो आम्ही."

"तो घड्याळवाल्यासाठी नियम. हा गिऱ्हाईक आहे."

"याच्या खिशात घड्याळ नाय कशावरून?"

"नाही. ऑर्डर द्यायला आलाय."

"मग घ्या शपथ."

"कोणाची?"

"काळारामाची. दुसऱ्या कोणाची चालायची नाय."

मी घेतली. सगळ्यांसमोर, गळ्याला हात लावून, काळारामाची शपथ घेतली की हा माणूस ऑर्डर द्यायला आला आहे. मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गं. आज साहेबाचं नाक वर करू."

आता मी असं का केलं? त्या वेळी मी स्वतःला सांगितलं ते असं, की पाहुणा आमचा वेग बघून घाबरेल. म्हणेल, या बायकांशी आपला टिकाव लागायचा नाही, आणि आल्या पावली परत जाईल. हे मला खरोखर वाटत होतं. मात्र त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. लाइन चांगली दिसली की सुपरवायझर चांगला दिसतो, आणि शेठ माझं बघणार होते.

पाहुणा आला तेव्हा लाइन अशी पळत होती की मी तशी आयुष्यात कधी बघितली नव्हती. मोठ्या बाईंचे हात तर दिसतच नव्हते. झाकण, स्क्रू, झाकण, स्क्रू. बाकीच्या त्यांच्या तालावर. टेस्टिंगच्या टेबलावर सलग टिंगटाँग टिंगटाँग, जणू देवळात आरतीला सगळ्या पोरांनी एकदम घंटा धरल्या आहेत. पाहुणा हात मागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि शेठच्या कानात काही बोलला. शेठ हसले. मला वाटलं, घाबरला.

मग शेठ त्याला घेऊन गंगापूर रोडला जेवायला गेले.

आणि इथे एक गोष्ट झाली, जी कोणीच धरून चालली नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधीच दिवसभराचा माल संपला. गुंडाळ्या संपल्या, पट्ट्या संपल्या. अशी वेळ आमच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. स्टोअरकीपर त्या दिवशी लवकर काम उरकून त्र्यंबकला गेला होता, स्टोअरची किल्ली त्याच्या खिशात. मी कुलपाला दोन-तीन हिसके दिले. कुलूपही आमच्या बेलसारखं नाशिकचंच, पक्कं होतं, उघडलं नाही.

जेवण करून शेठ आणि पाहुणा परत आले तेव्हा चाळीस बायका रिकाम्या टेबलाशी बसल्या होत्या. एक दुसरीच्या डोक्यातले पांढरे केस उपटत होती. दोघी भेंड्या खेळत होत्या. टेस्टिंगवाली डोकं टेबलावर टेकून घोरत होती. पाहुण्याने मला इंग्रजीत विचारलं, "रोज दुपारी असं असतं?" मला त्या क्षणी इंग्रजीत एकच शब्द आठवला, तो म्हणजे येस. मी येस म्हणालो.

पाहुण्याने शेठना पुढे काय सांगितलं ते मला शेठनीच नंतर ऐकवलं. तुमच्या बायका फार हुशार आहेत. दिवसाचं काम अर्ध्या दिवसात करतात. नुसतं लेबल चिकटवून पॅकिंग करायचं तर यातल्या डझनभर पुरतील.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तार गुंडाळायच्या मशीनची पूजा झाली आणि दिवाळीनंतर मशीन विकली गेली. शेडचं गोदाम झालं. बंदरावरून ट्रक यायचे, आत चिमण्यांची खोकी. गिऱ्हाईकाला वाजवून दाखवायला प्रत्येकीत एक छोटा सेल बसवलेला (घरी तो काढून बेल लाइटवर जोडायची), त्यामुळे रस्त्यात खड्डा आला की आख्खा ट्रक चिवचिवायचा. ड्रायव्हर म्हणायचा, कसारा घाटात मला वाटलं आपण जंगल घेऊन चाललोय. डझनभर बायका लेबल चिकटवायला ठेवल्या. मोठ्या बाईंना ठेवलं नाही. त्या जुन्या, पगार जास्त. मला ठेवलं. गोदामाचा इन्चार्ज म्हणून मी तिथेच रिटायर झालो. शेठनी शब्द पाळला.

बाहेर पडलेल्या बायकांना कोणाला तरी बोल लावायचा होता. बाजार खुला झाला, असं म्हणून चिडता येत नाही. बाजाराला तोंड नसतं, तो समोर भेटतही नाही. मोठ्या बाई मात्र सातपूरच्या भाजीबाजारात रोज भेटायच्या. त्यांनीच वेग धरला, बाकीच्यांनी त्यांच्यामागे हात चालवले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माझी शपथ कोणी विसरलं नव्हतं, पण सगळ्यांचं म्हणणं होतं की शेठनी साहेबालाही फसवलं. साहेब बिचारा. मी बिचारा होऊन राहिलो. सोयीचं होतं.

पहिल्यांदा कोणीतरी हळदीकुंकवात म्हणालं, "बाई, वाण जरा सावकाश वाटा, पाहुणा आलाय." आणि ते चिकटलं. रांगेत पुढे गेल्या तर पाहुणा आलाय. पोळ्या भराभर लाटल्या तर पाहुणा आलाय. त्याही हसायच्या. तोंड हसायचं, हात मात्र खरोखर हळू व्हायचे. मी बघितलं आहे.

मला शिक्षा झालीच नाही असं नाही. ती चिमणीने केली. दोन हजार सालानंतर आमच्याकडे लोडशेडिंग सुरू झालं. त्या चिनी बेलमध्ये एक खोड होती: गेलेली लाइट परत आली की ती आपोआप वाजायची. तोवर कॉलनीत घरोघरी त्याच बेल लागल्या होत्या. लाइट आली की आख्खी कॉलनी एकदम चिवचिवायची आणि प्रत्येक घरातला माणूस दार उघडून बाहेर बघायचा. समोरासमोर उभं राहून आम्ही एकमेकांना विचारायचो, "तुम्ही वाजवली का?" माझी बेल मात्र सगळ्यांत आधी वाजायची. जुना सँपल होता ना.

दुसरी शिक्षा मी स्वतःच लावून घेतली. काळारामाची खोटी शपथ घेतल्यावर पंचवटीत, त्याच्या देवळाकडे, जायला पाय धजेना. बायको म्हणायची, "अहो, पंचवटीतून भाजी आणा, निम्म्या भावात मिळते." मी म्हणायचो, तिकडे गर्दी फार. कुंभमेळ्यात सगळा देश पंचवटीत लोटला, घरी चार पाहुणे उतरले, त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि मी गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे उभा राहिलो. पाहुण्यांतले एक काका म्हणाले, "तुमचं नाशिक, आणि तुम्हीच येत नाही?" मी म्हणालो, आम्हाला रोजचंच आहे.

मी रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी एक दिवस दुपारी दाराची कडी वाजली. लाइट गेलेली होती. मोठ्या बाई लग्नपत्रिका घेऊन आल्या होत्या. मुलाचं लग्न होतं. केस पांढरे झाले होते, ठसका तोच. बायकोने चहा ठेवला.

"काय करता आता, बाई?" मी विचारलं.

"द्राक्षाच्या पॅकिंगला जाते, ओझरकडं. माल परदेशात जातो. सीझनपुरतं काम, मग घरी." आणि त्या हसायला लागल्या. "साहेब, तिथं एकदा गोरा पाहुणा आला. मालक म्हणला, आज जोरात हात चालवा. मी म्हणलं, आता नाय. सगळ्या पोरींना सांगितलं, हात हळू. एकेक घड असा उचलला जसा काय बाळंतिणीचं पोर हाय."

"मग?"

"मग काय. मालक कोपऱ्यात उभा राहून दात खातोय. गोरा म्हणतो, काय जपून काम करतात या बायका. दुप्पट ऑर्डर दिली मेल्यानं."

बायको हसून हसून बेजार झाली. मीही हसलो. मग बाईंनी कप खाली ठेवला.

"लग्नाला या दोघं. पण वाढायला मी नाय उभी राहायची, सांगून ठेवते. मी ताट घेऊन निघाले का सगळे ते बोलणार. सुनेच्या माहेरचे विचारतील, हे काय म्हणून हसतात? त्यांना काय सांगू, माझ्या हातानी चाळीस घरं बुडवली?" हे त्या हसतच म्हणाल्या. "पोराच्या लग्नात आईनं कोपऱ्यात बसायचं. असू दे."

तेवढ्यात लाइट आली. चिमणी ओरडली. बाई सवयीने उठून दार उघडायला गेल्या. बाहेर कोणी नव्हतं. त्यांनी वर बेलकडे बघितलं.

"ही लय जुनी दिसती. पहिल्या मालातली?"

बायको आतून कौतुकाने म्हणाली, "त्याच्याही आधीची. तुमच्याकडे तो चिनी पाहुणा आला होता ना, त्याने यांना गाडीतच दिली. तुमची लाइन बघायच्या आदल्या दिवशी. म्हणाला, माझ्याच कारखान्याची आहे."

बाई दारातच उभ्या राहिल्या. मी चहाच्या कपात बघत होतो. कप रिकामा होता.

"आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे शपथ घेतली तेव्हा तुम्हाला माहीत होतं, तो बेल विकणारा हाय."

"हो."

बायको आतून पुन्हा बाहेर आली नाही. बाई खुर्चीत येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं. पाहुणा घाबरेल असं वाटलं होतं, तेही सांगितलं. शेठ म्हणाले होते तुमचं मी बघतो, तेही सांगितलं. आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला.

बाई म्हणाल्या, "आन राम कोपला नाय?"

"मी पंचवटीत गेलोच नाही कधी."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

त्यांना हसू आवरलं नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही. "मला सांगून काय उपयोग? मी काय केलं नाय, हे मला माहीत हाय. त्यांना सांगा. लग्नात. आन पंगतीच्या आधी सांगा, पोट भरल्यावर कोणी ऐकत नाय."

आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं झाली की माइक मोकळा होतो आणि मान्यवर वधूवरांना आशीर्वाद देतात. मला मान्यवर म्हणून बोलावलं गेलं. मी माइक घेतला, तो किंचाळला. अर्धं लॉन जेवणाच्या टेबलांकडे सरकलं होतं आणि जागा धरण्यासाठी खुर्च्यांमागे उभं होतं. मी वधूवरांना सुखाचा संसार चिंतला आणि त्यानंतर सांगितलं की त्या दिवशी शपथ खोटी होती, मला सगळं माहीत होतं, मोठ्या बाईंनी हात चालवला तो माझ्या सांगण्यावरून. घाम इतका आला की फेटा ओला झाला. माझं संपायच्या आत निवेदकाने माइक काढून घेतला आणि म्हणाला, "साहेबांनी वधूवरांना दिलेल्या मोलाच्या आशीर्वादाबद्दल दोन्ही कुटुंबं त्यांची ऋणी आहेत."

बहुतेकांनी ऐकलं नाही. पण आमच्या लाइनच्या बायका पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. टेस्टिंगवाली उठून माझ्यापाशी आली.

"तिचं नाव धुतलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "आमच्या नोकरीचं काय पण, साहेब?"

  मी शपथ घेतली नसती तरी चिमण्या आल्याच असत्या. सातपुरात आमच्यासारख्या किती शेडची गोदामं झाली, तिथे कोणी शपथ घेतली नव्हती. पण हे उत्तर तिच्या तोंडावर देण्यासारखं नाही.  ती थोडा वेळ वाट बघून जेवायला गेली.

पंगत बसली. मला बाईंच्या सुनेच्या माहेरच्यांशेजारी बसवलं होतं. भात आला, वरण आलं. मग मांडवाच्या टोकाकडून मोठ्या बाई जिलबीचं ताट घेऊन निघाल्या. पहिल्या दोन पानांवर त्यांनी सावकाश वाढलं, पंगतीकडे बघत. कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या पानापासून हात सुटला. बघता बघता त्या माझ्यापाशी पोहोचल्या आणि माझ्या ताटात एक, दुसरी, तिसरी, चौथी.

"बस, बाई," मी म्हणालो.

पाचवी, सहावी.

मला शुगर आहे हे त्यांना माहीत होतं. मी एका हाताने ताट झाकायला गेलो, तर समोरच्या ओळीतून टेस्टिंगवाली ओरडली, "साहेब, आज पाहुणा तुम्ही. हात बाजूला घ्या." आख्खी लाइन हसली. मोठ्या बाई न थांबता पुढे गेल्या, शर्यतीच्या घोड्यासारख्या, आणि शेवटच्या पानावर ताट रिकामं करून दुसरं आणायला वळल्या.

मी त्या सगळ्या जिलब्या खाल्ल्या. शेजारचे सुनेचे काका म्हणाले, "या विहीणबाईंचा हात भारी चालतो हो."

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको, जी लग्नाची पत्रिका आल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, तिने कापडी पिशवी माझ्यापुढे धरली. "पंचवटीतून मेथी आणा. आणि तिकडे जाताच आहात तर देवळातही जाऊन या. रांग असेल तर उभे राहा."